उतरणीला लागलेले तारे विकावेत की सोबत ठेवावेत? (मेजर लीग बेसबॉल)

प्रश्न: नववी_इनिंग

दर जुलैमध्ये, खेळाडूंच्या अदलाबदलीची (ट्रेडची) मुदत जवळ आली की, मेजर लीगमध्ये हाच वाद नव्याने पेटतो. संघ हरतोय, नावाजलेले खेळाडू चौतिशी-पस्तिशीला पोचलेत, पगार भरमसाठ, आणि शहराचा जीव मात्र त्यांच्यातच अडकलेला. त्यांना विकून मायनर लीगमधली (खालच्या तयारीच्या लीगमधली) पोरं घ्यायची आणि तीन-चार वर्षं मार खायचा, की आहे त्या मंडळींना घेऊन आणखी एकदा जोर लावायचा?

माझ्यासमोर तीन उदाहरणं आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात.

डेट्रॉईट टायगर्सनी ३१ ऑगस्ट २०१७ ला ३४ वर्षांचा पिचर (चेंडू फेकणारा) जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टन ॲस्ट्रोजला दिला. बदल्यात फ्रँकलिन पेरेझ, डॅझ कॅमरन आणि जेक रॉजर्स मिळाले. ह्यूस्टन त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकलं, व्हर्लँडरने पुढे २०१९ आणि २०२२ मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार घेतला. डेट्रॉईट २०१९ मध्ये ४७ सामने जिंकून ११४ हरलं.

फिलाडेल्फिया फिलीजनी २००८ चा विजेता संघ जवळजवळ तसाच धरून ठेवला. २०११ मध्ये १०२ विजय, आणि २०१५ मध्ये ९९ पराभव.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनीही बस्टर पोझी, ब्रँडन क्रॉफर्ड आणि ब्रँडन बेल्ट यांना धरून ठेवलं. २०२१ मध्ये तिघंही तिशीच्या बरेच पुढे होते आणि संघ १०७ सामने जिंकला.

मग ठरवताना बघायचं काय? व्हर्लँडरसारख्या पिचरच्या बदल्यात इतकं कमी का मिळालं? आणि विकल्यानंतर नेमकं कुठे बिघडतं? नियम आणि आकड्यांसकट सांगितलंत तर उपयोग होईल.

प्रतिसाद १: डावखुरा_रिलिव्हर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

समोरचा संघ खेळाडूचं नाव किंवा मागचे पराक्रम विकत घेत नाही. पुढच्या काळात तो मैदानावर किती देईल आणि त्यासाठी पगार किती मोजावा लागेल, या दोन्हींतला फरक विकत घेतो. हिशेब 'वॉर'मध्ये करतात, म्हणजे मायनर लीगमधून सहज मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा हा किती विजय जास्त मिळवून देतो. एका वॉरची बाजारातली किंमत साधारण ८० लाख डॉलर धरा आणि तिशीनंतर दरवर्षी अर्धा वॉर कमी करत जा. समजा ३४ वर्षांचा पिचर पुढच्या वर्षी ३.५ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३ वॉर देईल असा अंदाज आहे. एकूण ६.५ वॉर, म्हणजे ५ कोटी २० लाख डॉलरचं काम. व्हर्लँडरचा २०१८ आणि २०१९ चा पगार दरवर्षी २ कोटी ८० लाख, दोन वर्षांचे ५ कोटी ६० लाख. म्हणजे घेणारा ४० लाखांनी तोट्यात! डेट्रॉईटने दरवर्षी ८० लाख याप्रमाणे १ कोटी ६० लाख स्वतः भरायचं कबूल केलं, तेव्हा तोच व्यवहार घेणाऱ्याला १ कोटी २० लाखांनी फायद्याचा झाला. वॉरचा अंदाज इथे नमुन्यादाखल घेतलाय, पगाराचे आकडे खरे आहेत. जे तीन प्रॉस्पेक्ट (उमेदीचे तरुण खेळाडू) आले ते या उरलेल्या फरकाचे आले, साय यंग पुरस्काराचे नव्हे.

त्यातून भाव पाडणाऱ्या आणखी तीन गोष्टी होत्या. त्या मोसमात डेट्रॉईटकडून त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, कमी तितक्या चांगल्या) ३.८२ होता, आदल्या वर्षी ३.०४. व्यवहार ३१ जुलैनंतर झाला, त्या काळी ऑगस्टमधले ट्रेड वेव्हरच्या चाळणीतून (आधी बाकीच्या संघांना तो खेळाडू मागायची संधी) जात आणि गिऱ्हाइकं गळत. आणि सर्वांत मोठी गोष्ट, नकाराधिकार त्याच्या हातात होता. मेजर लीगमध्ये दहा वर्षं सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली की खेळाडू कोणताही ट्रेड अडवू शकतो, याला 'टेन-अँड-फाइव्ह' हक्क म्हणतात. त्याने होकार दिला तेव्हा मध्यरात्रीच्या मुदतीला मोजकी मिनिटं उरली होती. अशा वेळी विकणाऱ्याला दोन गिऱ्हाइकं एकमेकांविरुद्ध उभी करताच येत नाहीत.

पेरेझ त्या दिवशी खरोखर मोठा प्रॉस्पेक्ट होता. पण १९ वर्षांचा पिचर, डबल-एमध्ये (मायनर लीगच्या रूकी, लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या चढत्या पातळ्यांपैकी एक) पोचलेला. या वयातल्या पिचरचा खांदा आणि कोपर हीच सगळ्यांत नाजूक ठेव. त्याचा खांदा दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये कधीच आला नाही. कॅमरन टिकला नाही, रॉजर्स चांगला बचावात्मक कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) झाला. बस्स. म्हणून मुख्य मोबदला किशोरवयीन पिचरच्या रूपात घेऊ नये, बॅटर घ्यावा आणि पिचर वर जोडून मागावा, या मताचा मी आहे.

आता त्याआधीच्या महिन्यातला, जुलै २०१७ चा, दुसरा व्यवहार पाहा. डेट्रॉईटने रिलिव्हर (सामन्याच्या मध्ये येणारा पिचर) जस्टिन विल्सन आणि कॅचर ॲलेक्स अविला शिकागो कब्जला दिले, आणि जेमर कँडेलारियो व आयझॅक परेडेस मिळवले. विल्सनचा पगार कमी होता आणि त्याच्यावर संघाचा आणखी एका पूर्ण मोसमाचा हक्क शिल्लक होता. उलट जे. डी. मार्टिनेझच्या करारात अडीच महिने उरले होते. तो ॲरिझोनाला गेला, तिथे ६२ सामन्यांत २९ होमरन मारले, आणि बदल्यात आलेल्या तिघांपैकी एकही डेट्रॉईटमध्ये पक्का झाला नाही. कमी पगार आणि शिल्लक मुदत यांना मोठ्या नावापेक्षा जास्त भाव मिळतो.

याच्या उलट टोक हवं असेल तर २०२३ चे न्यूयॉर्क मेट्स. मॅक्स शेर्झर ३९ वर्षांचा, व्हर्लँडर ४० वर्षांचा, दोघांचा वार्षिक पगार ४ कोटी ३३ लाख डॉलर. मेट्सनी उरलेल्या पगाराचा मोठा वाटा स्वतः उचलला आणि लुइसांजेल अकुन्या, ड्र्यू गिल्बर्ट, रायन क्लिफर्ड असे तीन नावाजलेले प्रॉस्पेक्ट मिळवले. तिथे विकला गेला तो मालकाचा पैसा. तुमचा मालक असा पैसा ओतणार नसेल तर या व्यवहाराचं उदाहरण देऊ नये.

व्यवहार जुलैत होतो, तयारी मे महिन्यात सुरू व्हायला हवी. प्रत्येक खेळाडूचा उरलेला पगार, पर्यायी वर्षं, नो-ट्रेड कलम आणि दहा-पाचची तारीख एका तक्त्यात घाला. खरेदी करू शकणाऱ्या सहा-सात संघांच्या लो-ए, हाय-ए आणि डबल-ए संघांमागे स्काउट लावा, म्हणजे समोरून नाव आलं की स्वतःचा अहवाल हातात असतो. खेळाडूच्या एजंटशी आधीच बोलून तो कोणत्या शहरांना हो म्हणेल ते विचारून घ्या. वैद्यकीय कागद तपासायला वेळ राखून ठेवा, शेवटच्या तासात एमआरआय नीट वाचला जात नाही. 'नाव नंतर ठरेल' असा खेळाडू घेतलात तर तो सहा महिन्यांत ठरवावा लागतो. आणि ड्राफ्टमधून (नवोदितांच्या वार्षिक निवडीतून) नुकताच घेतलेला खेळाडू वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत ट्रेड करता येत नाही, हेही यादी करताना लक्षात ठेवा.

प्रतिसाद २: ब्रॉड_स्ट्रीट

फिलीजबद्दल 'धरून ठेवलं' एवढंच म्हणून चालणार नाही. २०१२ ते २०१४ या काळात त्यांनी धडपणे धरलंही नाही आणि धडपणे विकलंही नाही, आणि खरं नुकसान तिथे झालं.

सुरुवात रायन हॉवर्डच्या करारापासून. एप्रिल २०१० मध्ये, जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक असताना, त्याला पाच वर्षांचे १२.५ कोटी डॉलर दिले. तो करार २०१२ मध्ये सुरू होणार होता, म्हणजे त्याच्या वयाच्या ३२ ते ३६ या वर्षांसाठी. भारी शरीराचा, वेग नसलेला फर्स्ट बेसमन, डावखुऱ्या पिचरसमोर आधीच अडखळणारा, आणि चेंडू एकाच बाजूला मारत असल्याने शिफ्टमध्ये (क्षेत्ररक्षक त्या बाजूला सरकवण्याच्या डावपेचात) सापडणारा. असा खेळाडू फक्त ताकदीवर उभा असतो, ती ओसरली की मागे दुसरं काही उरत नाही. २०११ च्या प्लेऑफमध्ये कार्डिनल्सविरुद्ध पाचव्या सामन्याच्या अखेरच्या आउटवर त्याच्या टाचेची शीर तुटली. नवा करार अजून सुरूही व्हायचा होता.

तोवर मायनर लीगची तिजोरी रिकामी झाली होती. रॉय हॅलडेसाठी काइल ड्राबेक, मायकेल टेलर आणि ट्रॅव्हिस डार्नो गेले, हंटर पेन्ससाठी कोझार्ट, सिंगलटन आणि डोमिंगो सँटाना गेले. ते व्यवहार मी चुकीचे मानत नाही, संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. पण त्यानंतर खालून कुणी येणार नाही हे दिसत होतं.

जुलै २०१२ मध्ये व्हिक्टोरिनो आणि पेन्स विकले. त्याच महिन्यात पिचर कोल हॅमेल्सला सहा वर्षांचे १४.४ कोटी दिले. हिवाळ्यात मायकेल यंग आणला, बेन रिव्हियरसाठी ट्रेव्हर मे आणि व्हान्स वर्ली हे तरुण पिचर दिले. एका हाताने विकायचं आणि दुसऱ्याने विकत घ्यायचं! निकाल, २०१२ ते २०१५: ८१, ७३, ७३ आणि ६३ विजय.

मला सर्वांत जास्त टोचतं ते पिचर क्लिफ लीचं. २०१३ मध्ये ३४ वर्षांचा, १४ विजय, ८ पराभव, ईआरए २.८७, ऑल-स्टार. त्या जुलैत तो विकायला हवा होता. पगार २ कोटी ५० लाखांचा होता, त्यातला काही भाग स्वतः भरला असता तर चांगला मोबदला मिळाला असता. त्यांनी थांबायचं ठरवलं. २०१४ मध्ये कोपर दुखावलं, जुलैत परत आला, आणि ३१ जुलै २०१४ ला, मुदत संपल्याच्याच दिवशी, वॉशिंग्टनविरुद्ध तिसऱ्या इनिंगमध्ये कोपर धरून बाहेर पडला. तो त्याचा शेवटचा सामना. बैल गेला आणि झोपा केला, याहून वेगळं काय म्हणणार.

मात्र उशिरा केलेल्या विक्रीचंही मोल असतं, तेही नोंदवतो. जुलै २०१५ मध्ये हॅमेल्स टेक्सासला गेला, सहा खेळाडू आले, त्यातला एकही तारा झाला नाही. लोकांनी व्यवहार फसला म्हणून टाकून दिला. पण त्या सहांपैकी कॅचर जॉर्ज अल्फारो फेब्रुवारी २०१९ मध्ये जे. टी. रियलम्युटोच्या व्यवहारात गेला. जिमी रॉलिन्सच्या बदल्यात आलेला झॅक एफ्लिन २०२२ च्या बुलपेनमध्ये (रिलिव्हरच्या ताफ्यात) होता. आणि २०२२ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना दहाव्या इनिंगमध्ये रियलम्युटोच्या होमरनवर जिंकला. प्रॉस्पेक्ट मोठा झाला नाही तरी योग्य वेळी पुढच्या व्यवहाराचं चलन होतो.

प्रतिसाद ३: मकोव्ही_कोव्ह

जायंट्सचं उदाहरण 'निष्ठा जिंकली' असं सांगितलं जातं. तसं नाही झालं. तिथल्या अटी वेगळ्या होत्या.

पहिली अट, करार संपत आले होते. क्रॉफर्ड आणि बेल्ट यांचे २०२१ मध्येच संपणार होते, पोझीचं त्यानंतर एक पर्यायी वर्ष होतं. म्हणजे धरून ठेवण्याची किंमत एका मोसमापुरती. दुसरी, त्यांतले दोघं मैदानावरच्या अवघड जागा सांभाळत होते, क्रॉफर्ड शॉर्टस्टॉपची आणि पोझी कॅचरची. या जागांवर तरुण पर्याय तयार नसेल तर विकून रिकामी जागा भरायला पुन्हा पैसे जातात. तिसरी, बाजारात त्यांना भावच नव्हता. २०१९ च्या क्रॉफर्डसाठी कुणी चांगला प्रॉस्पेक्ट दिला नसता. विकून काही मिळणार नाही आणि ठेवून अडचण होत नाही, तेव्हा ठेवावं.

आणि या तिघांभोवती तेव्हाचा व्यवस्थापन प्रमुख फरहान झैदी याच्या कार्यालयाने स्वस्त माल जमवला. अँथनी डीस्क्लाफानी ६० लाखांत, ॲलेक्स वूड ३० लाखांत, लामॉन्ट वेड ज्युनिअर मिनेसोटाकडून एका पिचरच्या बदल्यात. केव्हिन गॉसमनने १ कोटी ८९ लाखांची क्वालिफायिंग ऑफर (करार संपताना जुन्या संघाने दिलेला ठराविक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव) स्वीकारली होती. पोझी २०२० चा मोसम खेळला नव्हता, २०२१ मध्येही त्याला सतत विश्रांती देत ११३ सामने खेळवलं, तो ०.३०४ च्या बॅटिंग सरासरीने खेळला. बेल्टने ९७ सामन्यांत २९ होमरन मारले. वय झालेल्या खेळाडूंचे डाव मोजूनमापून वापरले, त्याचं हे फळ. ज्यांना १५५ सामने रेटायचेत त्यांनी या संघाचं नाव घेऊ नये.

पुढचा भागही सांगायला हवा. मोसम संपल्यावर पोझी निवृत्त झाला. क्रॉफर्डला त्याच ऑगस्टमध्ये दोन वर्षांचे ३ कोटी २० लाख दिले होते. २०२२ मध्ये संघ ८१-८१. त्या १०७ विजयांतून पुढचा पाया तयार झाला नाही. तरीही मी तो मोसम कशाच्याही बदल्यात देणार नाही.

ठेवण्याचा आणखी एक हिशेब असतो, भरपाईच्या ड्राफ्ट निवडीचा. करार संपणाऱ्या खेळाडूला क्वालिफायिंग ऑफर द्यायची (२०२५ मध्ये ती २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर होती), त्याने नाकारून दुसरीकडे सही केली की निवड मिळते. ती कुठे मिळेल ते संघाच्या महसुलावर आणि नव्या कराराच्या रकमेवर ठरतं, पहिल्या फेरीनंतर ते थेट चौथ्या फेरीनंतर. पण अट अशी की खेळाडूला आधी कधी ही ऑफर मिळालेली नसावी आणि तो पूर्ण मोसम तुमच्याकडे असावा. २०१९ च्या जुलैत जायंट्स १९-६ खेळले आणि पिचर मॅडिसन बमगार्नरला विकलं नाही. तो ॲरिझोनाला गेला, जायंट्सना भरपाईची निवड मिळाली. तेव्हा समोरून येणारा प्रॉस्पेक्ट दुसऱ्या फेरीच्या निवडीपेक्षा चांगला आहे का, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. उत्तर 'नाही' असेल तर फोन ठेवून द्यावा.

प्रतिसाद ४: डबल_ए

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून विकल्यानंतरचं सांगतो. बहुतेक पुनर्बांधणी इथेच सडते.

पहिला फास ४० जणांच्या यादीचा (मेजर लीगसाठी राखलेल्या खेळाडूंच्या). १८ किंवा त्याहून कमी वयात सही केलेल्या खेळाडूला पाच मोसमांनंतर, आणि १९ वा त्यापुढे सही केलेल्याला चार मोसमांनंतर, नोव्हेंबरमध्ये यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये दुसरा संघ १ लाख डॉलर भरून उचलतो. तो त्याला पूर्ण मोसम २६ जणांच्या मुख्य संघात ठेवतो किंवा ५० हजारांत परत देऊ करतो. आता एका जुलैत तीन तारे विकून आठ खेळाडू घेतलेत आणि ते सगळे २१-२२ वर्षांचे, डबल-एमधले असतील, तर सगळ्यांची वेळ एकाच नोव्हेंबरमध्ये येते. जागा चार, माणसं आठ. मग उरलेले चार मातीमोल भावाने द्यावे लागतात. म्हणून वयं पसरवून घ्यावीत: एक लगेच खेळू शकेल असा, एक-दोन डबल-एमधले, बाकी रूकी आणि लो-ए पातळीवरचे.

दुसरं, 'हरत राहा, पहिली निवड मिळेल' हा मार्ग आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. ॲस्ट्रोज २०११ ते २०१३ मध्ये १०६, १०७ आणि १११ हरले आणि ओळीने पहिल्या निवडी घेत गेले. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडी लॉटरीने ठरतात, सर्वांत खालच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १६.५ टक्के संधी. वर, महसूल वाटपात पैसे देणाऱ्या संघाला लॉटरीतली निवड सलग दुसऱ्या वर्षी आणि घेणाऱ्याला सलग तिसऱ्या वर्षी मिळत नाही. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांना दहावी निवड मिळाली. ट्रेडमध्ये मिळणारा माल म्हणूनच जास्त महत्त्वाचा झालाय.

आणि पहिल्या निवडीने तरी काय होतं? डेट्रॉईटने २०१८ मध्ये केसी माइझ आणि २०२० मध्ये स्पेन्सर टॉर्केल्सन पहिल्या क्रमांकावर घेतले. माइझच्या कोपरावर २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झाली, टॉर्केल्सन २०२३ मध्ये ३१ होमरन मारून २०२४ मध्ये ट्रिपल-एत परत गेला. दोघंही नंतर सावरले, पण संघ वर आला तो मुख्यतः तारिक स्कूबलमुळे, जो २०१८ मध्ये नवव्या फेरीत मिळाला होता. आउटफिल्डर केरी कार्पेंटर तर २०१९ च्या एकोणिसाव्या फेरीतला. मॅनेजर ए. जे. हिंच आणि पिचिंग प्रशिक्षक क्रिस फेटर आल्यावर पिचर घडायला लागले. घडवणारी माणसं आधी आणा, मग तारे विका. उलट क्रमाने केलं तर आलेली पोरं मायनर लीगमध्ये कुजतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात त्यांची उमेदीची वर्षं जातात.

याच संघाचं परेडेसचं प्रकरण बघा. २०१७ च्या विक्रीतून मिळालेला बहुधा सर्वांत चांगला बॅटर तोच. एप्रिल २०२२ मध्ये तो ऑस्टिन मेडोजसाठी टँपा बेला देऊन टाकला. टँपाने त्याला चेंडू डावीकडे उंच ओढून मारायला मोकळीक दिली आणि २०२३ मध्ये त्याने ३१ होमरन मारले. विक्री बरोबर होती, आलेला माल ओळखता आला नाही.

आणखी एक. सगळेच जुने विकू नका. तरुण पिचरना समोरचा बॅटर कसा वाचायचा हे शिकवणारा एखादा पस्तिशीचा कॅचर एक वर्षाच्या करारावर ठेवावा. त्याचा पगार २०-३० लाख असतो आणि जुलैत तोही विकता येतो.

नववी_इनिंग

बरंच स्पष्ट झालं, आभार. दोन शंका उरतात. डेट्रॉईटच्या मिगेल कॅब्रेरासारखा खेळाडू, ज्याला कुणी घेणारच नाही, त्याचं काय करायचं? आणि मालक म्हणतात की तारे विकले तर स्टेडियम ओस पडतं. त्यात किती तथ्य आहे?

ब्रॉड_स्ट्रीट

स्टेडियमबद्दल: फिलीजची २०१२ ची प्रेक्षकसंख्या ३५ लाखांच्या वर होती. २०१५ मध्ये १८ लाखांच्या आसपास. यातली बहुतेक घसरण हॉवर्ड, अटली, रॉलिन्स, हॅमेल्स संघात असतानाच झाली. डेट्रॉईट विकूनही २०१३ च्या ३० लाखांवरून २०१९ मध्ये १५ लाखांवर आलं. दोन्ही वाटांनी निम्मे लोक गेले. लोक जिंकणारा संघ बघायला येतात, ताऱ्याला निरोप द्यायला एखादा आठवडा येतात. विकलेला अटली २०१६ मध्ये डॉजर्सच्या गणवेशात परत आला, तेव्हा फिलाडेल्फियाच्या लोकांनी उभं राहून त्याला टाळ्या दिल्या. विकल्याने प्रेम आटत नाही.

डावखुरा_रिलिव्हर

कॅब्रेराचा करार मार्च २०१४ मधला: २०१६ पासून आठ वर्षं, २४ कोटी ८० लाख. तेव्हा आधीच्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती, म्हणजे हॉवर्डचीच चूक दुप्पट रकमेने. २०१६ मध्ये त्याने ०.३१६ ची सरासरी आणि ३८ होमरन केले, २०१७ मध्ये ०.२४९ आणि १६. तोवर सहा वर्षांचे सुमारे १९ कोटी उरले होते. हा करार खपवायचा तर निम्म्याहून जास्त पगार भरा किंवा सोबत एखादा चांगला प्रॉस्पेक्ट द्या. पुनर्बांधणी करणाऱ्याने प्रॉस्पेक्ट देऊन पैसे वाचवणं म्हणजे बियाणं विकून खाणं. त्यापेक्षा ठेवून घ्यावं, डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळवावं आणि त्या जागेचा हट्ट सोडावा. डेट्रॉईटने तेच केलं. ५०० वा होमरन आणि ३००० वी हिट त्याच काळात झाली, आणि त्या निर्णयात मला काही चूक दिसत नाही. चूक २०१४ मधल्या सहीची.

त्यापेक्षा दुखणारी गोष्ट डेट्रॉईटच्याच पिचर मायकेल फुलमरची. २०१६ चा सर्वोत्तम नवोदित, पगार किमान, हक्काची पाच-सहा वर्षं बाकी. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या जुलैत त्याच्या बदल्यात अख्खा पाया मिळाला असता. 'हा आपला पुढचा एस (मुख्य पिचर)' म्हणून ठेवला. मार्च २०१९ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, आणि शेवटी २०२२ मध्ये एका प्रॉस्पेक्टच्या बदल्यात गेला. जो संघ पुढची चार वर्षं हरणार आहे त्याला तरुण पिचरची चांगली वर्षं वापरताच येत नाहीत. म्हाताऱ्या ताऱ्यांवर एवढा वाद घालण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा.

नकाराधिकाराचंही गृहीत धरू नका. २०१८ मध्ये बाल्टिमोरच्या ॲडम जोन्सने दहा-पाच हक्क वापरून फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, डिसेंबर २०२४ मध्ये नोलन अरेनाडोने नो-ट्रेड कलमावर ह्यूस्टनचा व्यवहार अडवला. खेळाडूचा तो कमावलेला हक्क आहे, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. पण तो लागू होण्याची तारीख माहीत असते. नवव्या वर्षी निर्णय घ्या, अकराव्या वर्षी नाही.

माझा नियम विचाराल तर असा: पुढच्या दोन मोसमांत प्लेऑफची खरी शक्यता नसेल, खेळाडूच्या करारात किमान एक पूर्ण मोसम शिल्लक असेल, आणि तो आत्ता चांगला खेळत असेल, तर विका. तिन्हींपैकी शेवटची अट लोक विसरतात. पडता काळ सुरू झाल्यावर फोन करणारे निम्म्यावर येतात.

आणि विकणं म्हणजे मोसम सोडून देणं असंही नाही. ३० जुलै २०२४ ला डेट्रॉईटने एका वर्षाच्या करारावरचा जॅक फ्लॅहर्टी डॉजर्सना दिला, कॅचर थायरॉन लिरान्झो आणि शॉर्टस्टॉप ट्रे स्वीनी घेतले. दहा वर्षांत पहिल्यांदा संघ प्लेऑफमध्ये पोचला, ८६ विजयांसह, आणि शॉर्टस्टॉपला स्वीनी खेळत होता.